पाळ आणि भराव : गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचा पावसाळा

गोंदियाहून निघून अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि मूलमार्गे चांदा फोर्ट व पुढे बल्लारशाला पोहोचणारा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा लोहमार्ग ज्या प्रदेशातून जातो, त्याला तिथले लोक झाडीपट्टी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग अरुंद मापाचा, म्हणजे दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर असलेला, बांधला आणि 1990 च्या दशकात त्याचे रुंदीकरण झाले. कोकणातल्या पावसाळी रेल्वेप्रवासाचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले आहे. त्या मानाने हा मार्ग उपेक्षित राहिला, आणि ती उपेक्षा अन्यायाची आहे.

जुलैच्या मध्यापासून या मार्गाच्या दुतर्फा दिसणारे दृश्य निसर्गाइतकेच मनुष्याच्या श्रमाचेही आहे. चिखल केलेल्या बांध्यांत, म्हणजे चहूबाजूंनी लहान बांध घातलेल्या शेतांत, पऱ्ह्यांची, अर्थात धानाच्या कोवळ्या रोपांची, रोवणी चाललेली असते. आणि बांध्यांच्या वरच्या अंगाला एखादी बोडी, म्हणजे लहान तळे, किंवा तलाव भरत असतो. गोंड राजवटीत, विशेषतः पाणी आणि मातीची जाण असलेल्या कोहळी समाजाच्या कौशल्यातून, असे हजारो तलाव उभे राहिले. मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल गोळा करण्याचा वंशपरंपरागत हक्क, 1950 च्या कायद्याने संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून मामा तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. अशा तलावाची रचना वरवर साधी आहे: उतारावरून येणारे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे, लागेल तसे तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या निर्गममार्गातून, शेतांना सोडायचे आणि जास्तीचे सांडव्यावरून पुढच्या तलावाकडे जाऊ द्यायचे. पाणी अडवणाऱ्याने पाण्याची वाटही राखली पाहिजे, ही समज त्या रचनेच्या मुळाशी आहे.

वडसा, ज्याचे दुसरे नाव देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव प्रमुख रेल्वेस्थानक आहे आणि झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्रही तेच आहे. धानाची कापणी आटोपली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की इथल्या नाट्यमंडळ्यांचे रात्ररात्र चालणारे प्रयोग सुरू होतात, त्यामुळे पावसाळ्यात रोवणी कशी झाली यावर हिवाळ्यात नाटक कसे होईल हे बरेचसे ठरते. गाडी वडसा सोडून ब्रह्मपुरीकडे निघाली की वैनगंगेचा पूल लागतो. कोरबा–यशवंतपूर एक्सप्रेसला याच नदीचे नाव दिलेले आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरच्या अंगाच्या गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले, तेव्हा ब्रह्मपुरी आणि वडसा परिसरातली गावे व धानशेती पुराखाली गेली. पुलावरून दिसणारे नदीचे भव्य पात्र पाहताना याचे भान सुटू नये.

नागभीड तालुक्यातील नांदेड या लहानशा गावात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1980 च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, त्यांचे बी वर्षानुवर्षे जपून धानाचे बारीक दाण्याचे वाण तयार केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव मिळालेला तो तांदूळ देशभर पोहोचला, परंतु जून 2018 मध्ये निधन होईपर्यंत खोब्रागडे यांच्या वाट्याला त्याचा आर्थिक लाभ फारसा आला नाही. या परिसरातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या रंगाला त्यांच्यासारख्यांच्या निरीक्षणाचा इतिहास आहे.

राजोलीच्या पुढे शेती मागे पडू लागते आणि मूल, केळझर, चिचपल्ली या भागात साग, ऐन, मोह व बांबूचे जंगल रुळांच्या अगदी जवळ येते. सागाला फुलोरा पावसाळ्यातच येत असल्याने ऑगस्टमध्ये त्याच्या शेंड्यांवर पांढरट तुरे दिसतात. हेच जंगल ताडोब्याच्या वाघांना नवेगाव-नागझिऱ्याकडे जोडणारा संचारमार्ग, म्हणजे एका अधिवासातून दुसऱ्यात जाण्याची वाट, आहे, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये चिचपल्ली परिसरात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. रुळांचा भराव हीसुद्धा एक पाळच असते, मात्र तिला पुरेसे तुडुम ठेवलेले नसतात: कोरड्या दिवसांत ज्या मोऱ्यांखालून प्राणी जाऊ शकतात, त्यांतूनच पावसाळ्यात ओढे वाहतात, आणि मग प्राण्यांना भराव चढून रूळ ओलांडावे लागतात. याला केवळ अपघात म्हणणे योग्य नाही. तो रचनेतला दोष आहे.

वडसा ते गडचिरोली हा सुमारे 50 किलोमीटरांचा नवा मार्ग जंगलातूनच बांधला जात आहे आणि नागभीड–इतवारी या 2019 मध्ये बंद झालेल्या अरुंद मार्गाचे रुंदीकरणही उमरेड-करांडल्याच्या वनक्षेत्रालगत होत आहे. गडचिरोलीला रेल्वे हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. पण भराव घालण्याआधी पाण्याच्या मोऱ्यांहून वेगळे, भर पावसातही कोरडे राहतील इतके उंच व रुंद प्राणिमार्ग आराखड्यात असले पाहिजेत, आणि जुन्या मार्गावर चांदा फोर्ट ते नागभीड या टप्प्यात रात्रीच्या गाड्यांचा वेग आजच कमी केला पाहिजे.