दोन टर्मिनेटर, एका बैठकीत

आज आपण जेम्स कॅमेरॉनचे दोन चित्रपट सलग पाहिले तर काय होतं, ते बघू. १९८४ चा 'द टर्मिनेटर' आणि १९९१ चा 'टर्मिनेटर २: जजमेंट डे'. पहिला १०७ मिनिटांचा, दुसरा १३७. मध्ये चहा धरला तर सव्वाचार तास. ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांनी कान झाकावेत, कारण कथा सांगितल्याशिवाय आपलं काम होणार नाही.

पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर भविष्यातून आलेला मारेकरी यंत्रमानव आहे. सारा कॉनर नावाच्या वेट्रेसला त्याला मारायचंय, कारण तिचा मुलगा पुढे यंत्रांविरुद्ध लढणार आहे. दुसऱ्या भागात तोच चेहरा, तीच शरीरयष्टी, पण आता तो त्या मुलाचा रक्षक. कॅमेरॉननं हे गुपित सुरुवातीचा बराच वेळ राखलंय. जाहिरातींनी मात्र ते आधीच फोडलं होतं. असो.

सात वर्षांच्या अंतरानं पाहणाऱ्याला दुसऱ्या भागात नायकच आलेला दिसतो. सलग पाहिलं की तसं होत नाही. सारा मनोरुग्णालयातून पळत असताना लिफ्टचं दार उघडतं, तो बाहेर येतो आणि ती जमिनीवर कोसळते. आपण त्याच बैठकीत त्याला पोलीस ठाण्यात माणसं मारत फिरताना पाहिलेलं असतं. त्यामुळे तिचं कोसळणं आपल्याला अतिरेकी वाटत नाही. तिथला डॉक्टर सिल्बरमनसुद्धा पहिल्या भागातलाच. तेव्हा ठाण्यातून बाहेर पडताना त्याचं लक्ष हातातल्या पेजरकडे होतं आणि यंत्रमानव त्याच्या बाजूनंच आत गेला. बघितलं असतं, तर पुढे साराला वेडी ठरवण्याची त्याची हिंमत झाली असती का? दुसऱ्या भागात तो अखेर बघतो, आणि आ वासून बघतच राहतो.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा. पहिल्या भागात 'टेक नॉयर' नावाच्या नाइटक्लबमध्ये पिस्तुलाच्या लेझरचा लाल ठिपका साराच्या कपाळावर येऊन थांबतो. दुसऱ्या भागात तसाच ठिपका माइल्स डायसनच्या पाठीवर सरकतो. डायसन हा घरी संगणकापुढे काम करत बसलेला इंजिनिअर. त्याच्या संशोधनातून पुढे ती घातक यंत्रणा तयार होणार असते. आणि बंदुकीमागे कोण? सारा. ज्यानं अजून काहीच केलेलं नाही अशा माणसाला, तो पुढे काय करेल म्हणून आधीच संपवायचं. टर्मिनेटर तिच्या बाबतीत नेमका हाच हिशेब घेऊन आला होता! डायसनच्या मुलाची खेळण्यातली गाडी पायाला धडकते, तो खाली वाकतो, म्हणून पहिली गोळी चुकते. मग ती घरात शिरते, जखमी डायसनवर बंदूक रोखते, बायको-मुलगा तिथेच. आणि तिच्याच्यानं चाप ओढवत नाही. संवादात हे कुणी समजावून सांगत नाही. पहिला ठिपका ताजा असेल तरच दुसरा जिव्हारी लागतो.

याच्या उलट टोकाला यंत्रमानव आहे. मुलानं माणूस मारू नकोस असं बजावलेलं असतं. म्हणून पोलिसांच्या ताफ्यावर तो गोळ्यांचा पाऊस पाडतो, गाड्यांची चाळण करतो आणि त्याच्या नजरेच्या पडद्यावर मृतांचा आकडा उमटतो: शून्य. थिएटरात इथे हशा पिकतो. पोलीस ठाण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे असेल तर तो हशा जरा घशात अडकतो.

एक तोटाही आहे. पहिल्या भागात काळ हे बंद वर्तुळ आहे. शेवटी काढलेला साराचा फोटो भविष्यातला काइल आधीपासून जपत असतो, आणि तोच मुलाचा बाप. दुसरा भाग म्हणतो, भविष्य बदलता येतं. मग काइलला पाठवणार कोण? सात वर्षांच्या अंतरात हा प्रश्न विरून जातो, सलग बघताना टोचत राहतो. कॅमेरॉननं तर्क सोडला आणि सारा धरली. आम्हाला हा सौदा मान्य आहे. तुमच्यातल्या गणितवाल्यांना नसेल, तर आता प्रश्नोत्तरांत बोलूच.