खुराडे बंद केले, आजार आत राहिला

परसात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या, घरची अंडी खायची, असे ठरवून खुराडे बांधायला घेणाऱ्यांना पहिला तडाखा बहुधा मुंगूस देते. बाजारात स्वस्तात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत रोखते खरी, पण कुत्र्याच्या दातांपुढे ती टिकत नाही. मुंगूस आणि घूस तर खालून माती उकरून आत शिरतात. एका रात्रीत तीन-चार तलंगा गेल्या की घरात हळहळ होते आणि दुसऱ्याच दिवशी पत्रे, जुन्या फळ्या, ताडपत्री असे हाताला लागेल ते ठोकून खुराडे चहूबाजूंनी बंद केले जाते.

खरी अडचण इथून सुरू होते. आणि ती दिसत नाही, म्हणून महागात पडते.

कोंबडीला वेगळी लघवी नसते. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ती युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. विष्ठेवरचा पांढरा भाग तो हाच. जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसात किंवा लाकडाच्या भुशात ही विष्ठा मिसळते आणि कोरडी राहिली तर फारसे बिघडत नाही. पावसाळ्यात मात्र तूस ओले होते, जिवाणू कामाला लागतात आणि युरिक आम्लापासून अमोनिया वायू तयार होतो. हवा खेळती असेल तर तो निघून जातो. बंद खुराड्यात साचतो.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग झाले, की पक्ष्यांच्या दृष्टीने ती धोक्याची पातळी मानतात. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि जंतू बाहेर ढकलणे हे त्यांचे काम. अमोनियाने ते लुळे पडतात, डोळे चुरचुरून पाणावतात आणि एरवी परतवून लावता आला असता असा संसर्गही आत घर करतो. मालक दारात उभा राहून वास घेतो, त्याला विशेष काही जाणवत नाही. पण त्याचे नाक पाच फुटांवर असते, कोंबडीचे जमिनीपासून वीतभर. म्हणून उकिडवे बसून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्यावा. नाक झोंबले तर उशीर झाला आहे.

अशा वेळी चुना भुरभुरण्याची पद्धत आहे. चुना ओल शोषतो हे खरे, पण अल्कधर्मी माध्यमात अमोनिया आणखी जोमाने बाहेर पडतो. त्यामुळे चुना टाकताना कोंबड्या बाहेर आणि दारे उघडी हवीत. ओले तूस सरळ उचलून टाकणे अधिक चांगले.

ओलीचा दुसरा फटका पिलांना बसतो. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, घडवणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा ती लगेच रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती रोगकारक होतात. पिलांखालचे तूस कोरडे ठेवले तर हे चक्र बऱ्याच अंशी मंदावते. औषधाच्या बाटलीआधी गळणारे पाण्याचे भांडे बदलायला हवे.

मग मुंगसाचे काय? अर्ध्या इंची भोकांची वेल्ड जाळी, तिचा फूटभर भाग जमिनीत गाडलेला आणि दाराला खरी कडी, एवढ्याने बरेच भागते. भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग बंद, वरचा जाळीचा आणि छपराची वळचण पुढे काढलेली, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, तर उन्हाळ्यातले तिरपे ऊन आत शिरत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उकाड्यात चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य उपाय, तेव्हा मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली तिची काय गत होत असेल, याचा अंदाज करता येतो.

राणीखेतची लस हा आणखी एक अडलेला प्रश्न. बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची, घरात कोंबड्या दहा आणि बाटली फोडली की काही तासांत वापरायची. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवला तर ती वाया जात नाही. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे क्लोरीनचे पाणी घेऊ नये. त्यात लसीतला जिवंत विषाणू मरतो.

एवढे करूनही कोंबड्या मरतात. एखादी मान टाकू लागली की 'वाया जाण्यापेक्षा' ती कापण्याचा मोह अनेक घरांत होतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक नोंदला गेला. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी कापताना, पिसे उपटताना, आतडी साफ करताना. दोन-तीन कोंबड्या पाठोपाठ मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, नाल्यात फेकू नये आणि मुलांना खुराड्यापासून दूर ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.