डावा गार, उजवा गरम

दोन कार्बोरेटरांची जुळवणी या आठवड्यात करू, असं म्हणालो होतो. ती पुढे ढकलतो, कारण मध्येच इचलकरंजीहून एक पत्र आलंय. पत्रलेखकांकडे राजदूत 350, म्हणजे आपली आरडी, आहे. गाडी चालू होते, पण पिकअप अर्धाच. गावातून एक चक्कर मारून आलं तरी डाव्या बाजूचा बेंड पाइप हाताला नुसता कोमट लागतो. मिस्त्रीने डावा कार्बोरेटर खोलला, धुतला, परत बसवला. फरक काहीच नाही. आता तो नवा कार्बोरेटर घ्या म्हणतोय. घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

घेऊ नका.

एक सिलिंडर थंड पडला की हात आधी कार्बोरेटरकडे जातो, ही आपली जुनी खोड. कार्बोरेटर डोळ्यांना दिसतो, खोलता येतो, आणि धुतल्यावर काहीतरी काम झाल्याचं समाधान मिळतं. करंट दिसत नाही, म्हणून त्याची पाळी शेवटी येते. पण पेट्रोल कमी पडलं तर सिलिंडर सहसा असा ठार गप्प बसत नाही. तो मिसिंग मारतो, रेस दिली की मधूनच जागा होतो, चोक ओढला की सुधारतो. सगळ्या वेगाला सारखाच थंड राहणारा सिलिंडर म्हणजे माझ्या मते आधी विजेचं प्रकरण.

अर्थात तो खरंच थंड आहे का, हे आधी पाहायला हवं. मागे एक गृहस्थ येझदी 250 घेऊन आले होते. एक सायलेन्सर गरम, दुसरा त्या मानाने थंड, म्हणजे ‘दुसरा सिलिंडर गेला’ असं त्यांचं निदान. येझदीवाले आत्ताच हसले असतील. त्या गाडीला दुसरा सिलिंडर नसतोच. एकाच सिलिंडरला धूर बाहेर जायला दोन तोंडं आणि म्हणून दोन सायलेन्सर. त्यातला एक कार्बनने इतका बुजला होता की सगळा धूर दुसरीकडून जात होता. कॉस्टिक सोड्याने सायलेन्सर साफ झाला आणि ‘दुसरा सिलिंडर’ परत आला.

हल्ली लांबून तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी थर्मामीटरं स्वस्त झाली आहेत. ती वापरा, पण चकचकीत क्रोमवर रोखू नका. क्रोम उष्णता फार कमी फेकतं, त्यामुळे आकडा खराखुरा असतो त्यापेक्षा बराच खाली दिसतो. एका बाजूला जुना गंजका पाइप आणि दुसऱ्या बाजूला नवा क्रोमचा असेल, तर निरोगी इंजिनसुद्धा आजारी ठरेल. दोन्ही बाजूंना एकाच जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या आणि त्याच्यावर मोजा. थर्मामीटर नसेल तर गार इंजिन चालू करून मिनिटभराने दोन्ही बेंडवर बोटाने पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एकीकडे चुर्र होऊन उडालं आणि दुसरीकडे थेंब तसाच ओघळला, तर शंका मिटली. थोडाफार फरक मात्र दोन्ही बाजूंत असतोच, त्याची काळजी नको.

आता थंड बाजूचा प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पेटत नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलची नळी, फ्लोट, जेट इथे शोधा. इचलकरंजीच्या पत्रात प्लग ओला असल्याचं लिहिलंय. म्हणजे बिचारा कार्बोरेटर उगाच धुतला गेला.

प्लग हेडला टेकवून किक मारून ठिणगी बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आणि ठिणगी दिसली म्हणून वीज निर्दोष ठरवू नका. उघड्या हवेत उडी मारायला कमी व्होल्टेज पुरतं. सिलिंडरच्या आत दाबाखाली तीच ठिणगी हार मानते. नारिंगी, बारीक ठिणगी असेल तर संशय पक्का.

इथे आरडीचं एक सुख आहे. दोष एका बाजूला असेल तर त्याच पार्टचा चांगला नमुना वीतभर अंतरावर बसलेला असतो. दुकानात जाण्याआधी डावं उजवीकडे करून बघा. एका वेळी एकच गोष्ट. आधी प्लग. मग प्लगची कॅप. कॅपच्या आतला रेझिस्टर बाहेरून अजिबात न दिसता तुटलेला असतो, आणि वायरचं टोक आत काळं पडलेलं असतं. पाव इंच वायर कापून कॅप पुन्हा आवळली, एवढ्यावर गाडी नीट झाल्याचं मी पाहिलंय.

त्यानंतर कॉईल, आणि इथेच बहुतेक जण फसतात. आरडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळा पॉइंट, वेगळा कंडेन्सर, वेगळी कॉईल. क्रँक 180 अंशांचा, त्यामुळे एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली. नुसत्या प्लगच्या जाड वायरी अदलाबदल केल्या तर पिस्टन खाली असताना ठिणगी पडते. गाडी चालू होत नाही, फार तर सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो, आणि मग ‘दोन्ही कॉईल गेल्या’ असा निकाल लागतो. म्हणून पॉइंटकडून कॉईलला येणाऱ्या बारीक वायरीही त्याच वेळी अदलाबदल करायच्या. मग डाव्या पॉइंटवर उजवी कॉईल चालते आणि ठिणगी डाव्याच प्लगला, योग्य वेळी मिळते. आता थंडी उजवीकडे सरकली तर कॉईल दोषी. डावीकडेच राहिली तर कॉईल सुटली. पॉइंटचं झाकण उघडा.

डाव्या केसिंगच्या आत अल्टरनेटरच्या प्लेटवर पॉइंटचे दोन्ही सेट दिसतील. कॅमला ग्रीस लावणारी नमद्याची पट्टी असते. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. ती कोरडी पडली की पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासत झिजते आणि आसपास तपकिरी भुकटी जमते. टाच झिजली की गॅप मिटत जातो आणि शेवटी पॉइंट उघडतच नाही. गॅप 0.3 ते 0.4 मिलिमीटर हवा. फीलर गेजनेच मोजा, नखाने नको. गॅप लावला की टायमिंगही तपासायचं, कारण एक हलला की दुसरं हलतं. पॉइंटकडून जाणारी वायर केसिंगच्या कडेला सोलून बॉडीला टेकत नाही ना, तेही बघा.

गॅप बरोबर असूनही चालू गाडीत पॉइंटवर जाड निळसर ठिणग्या नाचत असतील, तर कंडेन्सर गेला. गाडी थंड असताना दोन्ही बाजू नीट आणि तापल्यावर एक बंद, हेही कंडेन्सरचं आवडतं नाटक.

एवढं करूनही काही निघालं नाही तर कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही बाजूंत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. शिवाय क्रँकची ऑइल सील आहेतच. उजवं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरते. डावं गेलं तर हवा शिरते, आणि ते जास्त घातक, कारण तो सिलिंडर थंड पडण्याऐवजी तापून पिस्टन धरतो. सीलवर स्वतंत्र लेख लिहायचाय.

फक्त आयडलला थंड आणि रेस दिली की गरम होत असेल, तर मात्र पायलट जेट किंवा दोन स्लाइडमधला फरक. तो विषय पुढच्या आठवड्याच्या जुळवणीत येईल. एक बाजू पेटत नसताना कृपया कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू नका. आणि थंड सिलिंडरबद्दल पत्र लिहाल तेव्हा प्लग ओला होता की कोरडा, हे पहिल्याच ओळीत लिहा.