चित्रकार सगळीकडे, भिंती मोजक्याच

फ्रान्समधल्या लास्को गुहेतले बैल आणि घोडे सुमारे १७,००० वर्षे अंधारात शाबूत राहिले. १९४० मध्ये ही गुहा चार पोरांना सापडली, १९४८ मध्ये पर्यटकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. दिवसाला हजारावर माणसे आत जात. त्यांचा श्वास, अंगाची ऊब आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. ती १७,००० वर्षे एका वर्षात बसवली, तर पर्यटकांच्या वाट्याची १५ वर्षे जेमतेम पावणेआठ तास भरतात. ऑफिसचा एक दिवस!

त्याच देशातल्या शोवे गुहेतली सर्वांत जुनी चित्रे सुमारे ३६,००० वर्षांची. पिढी २५ वर्षांची धरली, तर मधे १,४४० पिढ्या गेल्या. ती टिकली यात चित्रकाराचे कर्तृत्व थोडे आणि दरडीचे जास्त. सुमारे २१,५०० वर्षांपूर्वी कडा कोसळून तोंड बुजले, ते १९९४ पर्यंत कुणी उघडले नाही.

आदिम कलेचे माहेरघर म्हणजे फ्रान्स आणि स्पेन, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. मला तर त्या नकाशात चित्रकारांपेक्षा चुनखडीचा पत्ता जास्त दिसतो. चुनखडीत पाणी खोल गुहा कोरते. आत ना ऊन, ना वारा, तापमानही वर्षभर जवळपास सारखे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरही चुनखडीच आहे. तिथले एक चित्र किमान ५१,२०० वर्षांचे असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र पाऊस आणि कोरड्या ऋतूंच्या फेऱ्यांत दगडात मिठाचे स्फटिक फुगतात आणि चित्रासकट पापुद्रे सुटतात. आज दिसते ती तिथली उरलीसुरली शिल्लक.

समुद्राने किती गिळले, त्याची तर गणतीच नाही. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मार्सेयजवळच्या कोस्केर गुहेचे तोंड आता पाण्याखाली ३७ मीटरवर आहे. तिथून सुमारे १७५ मीटरचे चढते भुयार पोहत गेल्यावर चित्रे दिसतात. गुहेचा वरचा भाग कोरडा उरला, म्हणून तेवढी वाचली. चढ नसलेल्या किनारी गुहांचे काय झाले असेल?

मध्य प्रदेशातले भीमबेटका हा अपवाद वाटतो, पण तिथेही दगडच पाठीशी उभा आहे. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना १९५७ मध्ये गवसलेले हे शैलाश्रय उघडे आहेत; ७०० हून अधिक, आणि त्यांतल्या शेकडोंमध्ये चित्रे. कठीण वालुकाश्माचे पुढे आलेले छत पाऊस अडवते आणि गेरूचा लोहरंग सहसा विटत नाही.

कोकणच्या सड्यावर मात्र असे छत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस थेट जांभ्यावर कोसळतो. तिथल्या माणसांनी रंगवले असेलही, पण आपल्या हाती आली ती फक्त कोरलेली कातळशिल्पे.