थरांचं आंबा पुडिंग, ओव्हनविना

मैत्रिणींनो, मे महिना म्हणजे मुलं घरी, पाहुणे दारी आणि कॉटखाली आंब्याची पेटी. आमरस-पुरीचा दोनदा घाट घालून झाला, की कढईसमोर उभं राहणं नको होतं. तेव्हा हे पुडिंग करून बघा. आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना मी हेच शिकवते. दहा बाय दहाच्या खोलीत ओव्हन कुठला असायला? पण फ्रीज कुणाकडे तरी असतोच, आणि चक्का बांधायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही!

अर्धा किलो चक्का, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन वाट्या आंब्याचा रस, एका आंब्याच्या फोडी, पाव लिटरचं क्रीमचं पाकीट आणि वीसेक मारी बिस्किटं एवढंच साहित्य. क्रीमचं पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि न हलवता कापा. वरचा घट्ट भाग तेवढा घ्या, खालचं पातळ पाणी कढीत जाईल. हे साधं क्रीम पंचवीस टक्के स्निग्धांशाचं असतं, ते केकवाल्यासारखं फुलत नाही. म्हणून तर चक्का! साखर आणि चक्का पुरणयंत्रातून काढा, क्रीम हलक्या हाताने मिसळा. बिस्किटं उकळून गार केलेल्या दुधात नुसती बुडवून लगेच काढायची, रेंगाळलात तर लगदा. बिस्किटं, चक्का, रस, फोडी, परत बिस्किटं असे थर लावून चार तास फ्रीजमध्ये. बिस्किटं ओलावा शोषतात आणि पुडिंग आपोआप बसतं. जिलेटिन प्राणिजन्य असतं, ते घालायची गरजच नाही.

बाजारात 'व्हिप टॉपिंग' मिळतं, ते बहुतेक वनस्पती तेलाचं असतं. फुलतं छान, टिकतंही. वापरायचं तर वापरा, पण विकताना त्याला 'क्रीम' म्हणू नका. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची सवय मी गटातल्या प्रत्येकीला लावली आहे.

हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घाला. अननस मात्र कच्चा घालू नका. त्यातल्या ब्रोमेलेन या घटकामुळे दुधातली प्रथिनं तुटतात आणि पुडिंग कडू होतं. साखर घालून चांगला शिजवून, गार करून घाला.

आता मुद्द्याचं. या पदार्थाला आच लागत नाही, म्हणजे हातावरचे, पाण्यातले जंतू मरत नाहीत. फळं पिण्याच्या पाण्याने धुवा, फोडींची सुरी-पाट वेगळा ठेवा. फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, मेच्या उकाड्यात तासभरच. विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच.

मागच्या उन्हाळ्यात गटाला एका बारशाची साठ ग्लासांची ऑर्डर आली. यजमानीणबाईंचा हट्ट एकच, सकाळी दहालाच मांडवात मांडून जा, पंगत एकला. गटातली सगळ्यात लहान मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, मग आम्ही चिरोटे देतो. पुडिंग हवं असेल तर बर्फाच्या पेटीतून पंगतीच्या वेळीच येईल." बाई फणकारल्या, साठ ग्लासांचे पैसे हातचे जाणार असं वाटलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, पेटीसकट या म्हणून.