घसादुखीनंतर मानेची एकच बाजू दुखते आहे?

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप थांबते. पण घसा बरा होत आला असताना हुडहुडी भरून पुन्हा ताप आला, मानेची एकच बाजू दुखू-सुजू लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

हा लेमिएर सिंड्रोम असू शकतो. तो दुर्मीळ आहे आणि बहुधा धडधाकट तरुणांना होतो. त्यामुळेच ‘व्हायरल असेल’ म्हणून दुर्लक्ष होते. फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू घशातून मानेतल्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचतो. तिथे रक्ताची गुठळी होते आणि तिचे जंतू असलेले तुकडे फुफ्फुसांत जातात. फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी १९३६ मध्ये याचे वर्णन केले, तेव्हा बहुतेक रुग्ण दगावत. आता वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक जण बरे होतात.

निदानासाठी ब्लड कल्चर आणि मानेचा व छातीचा सीटी स्कॅन करतात. अँटिबायोटिक्स आधी सलाईनमधून आणि नंतर गोळ्यांनी, एकूण साधारण ३ ते ६ आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. पू साठला असेल तर तो काढावा लागतो. रक्त पातळ करणारे औषध सर्वांनाच द्यावे का, यावर डॉक्टरांत एकमत नाही.

तोंड उघडत नसेल, लाळही गिळवत नसेल, तर टॉन्सिलजवळ पू झालेला असू शकतो. तेव्हाही थांबू नका.

आणखी एक. छातीचा एक्स-रे पाहून हा आजार साधा न्यूमोनिया वाटू शकतो. म्हणून आठवड्यापूर्वी घसा दुखत होता, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.