कोणता टप्पा जड?

वस्तू पर्यावरणाला किती महाग पडते, हे आपण बहुधा तिच्या कचऱ्यावरून ठरवतो. कचरा दिसतो, म्हणून ते साहजिकच. जीवनचक्र मूल्यांकन (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत प्रत्येक टप्प्याच्या परिणामांची मोजदाद) मात्र अनेकदा वेगळंच दाखवतं. हे घरखर्चासारखंच: तो आवरायचा तर आधी भाडं आणि हप्ते पाहावेत. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करून किती वाचणार? तसाच वस्तूचाही सर्वांत जड टप्पा आधी शोधायचा. फ्रिज दिवसाचे २४ तास, १०-१५ वर्षं वीज खातो, आणि आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशाची. म्हणून त्याचा वापराचा टप्पा सर्वांत जड. मोबाइलचं उलट: चार्जिंगला वीज किरकोळ, बहुतेक कार्बन उत्सर्जन चिप आणि सुटे भाग बनतानाच होऊन गेलेलं असतं. तेव्हा फ्रिज घेताना बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) वीजबचतीचे तारे पाहा. मोबाइलची मात्र बॅटरी बदलून घ्या आणि तो आणखी दोन वर्षं वापरा.